बोर्ड गप्प बसतो तेव्हा

आजच्या लेखात किल्ला नाही आणि लढाईही नाही. शिकागोच्या कारखान्यांत तयार झालेलं एक खेळाचं यंत्र आणि ते दुरुस्त करणाऱ्यांनी घरच्या घरी बनवलेली तपासणीची साधनं, यांचा हा इतिहास आहे. ईएमई, सिग्नल्स, हवाई दल किंवा नौदलाच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरलंय, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनीही वाचावं. शेवटी प्रश्न येतो तो आपल्या सगळ्यांचा आहे.

खेळ आणि त्याची पेटी

पिनबॉल म्हणजे काचेखालचा एक तिरपा टेबल. स्प्रिंगच्या दांड्याने स्टीलचा गोळा वर उडवायचा. तो खाली घरंगळताना रबरांवर आपटतो, दिवे लावतो, गुण मिळवून देतो. तळाशी दोन छोटे हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बटण दाबून त्या हातांनी गोळा परत वर टोलवायचा. गोळा दोघांच्या मधून खाली गेला की डाव संपला.

स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट अमेरिकेत १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह याने घेतलं. १९३१ मध्ये गॉटलिब कंपनीचं ‘बॅफल बॉल’ जोरात खपलं. पुढच्याच वर्षी ‘बॅलीहू’ आलं आणि त्याच्या नावावरून बॅली ही कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्सच्या ‘काँटॅक्ट’ने पेटीत वीज आणली आणि १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर आणले. मधल्या काळात न्यूयॉर्कचा महापौर ला गार्डिया याने १९४२ साली हा जुगार आहे म्हणून बंदी घातली आणि जप्त केलेली यंत्रं हातोड्याने फोडली. ती बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या लोकांसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवलं, की हे नशिबाचं काम नाही, हाताचं कसब आहे.

रिलेचा जमाना

तोवर पेटीतली सगळी अक्कल रिलेची होती. गोळ्याने स्विच दाबला की रिले ओढला जायचा, एक चक्र एक दात पुढे सरकायचं, गुणांचा आकडा फिरायचा. आत मैलभर वाटावी इतकी वायर आणि शेकडो काँटॅक्ट. पण एक गोष्ट चांगली होती. बिघाड डोळ्यांना दिसायचा आणि कानांना ऐकू यायचा. कुठला रिले ओढला गेला नाही, कुठलं चक्र अडकलं, हे झाकण उघडून पाहिलं की कळायचं.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्याची हत्यारंही साधी होती. काँटॅक्ट घासायला पातळ कानस, दोन टोकांना क्लिपा लावलेली एक वायर आणि टेस्ट लॅम्प. हा टेस्ट लॅम्प म्हणजे आपल्याकडे प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो तोच प्रकार, होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. घरगुती तपासणी साधनांच्या वंशावळीत मूळ पुरुष हाच.

हिरव्या बोर्डाचं मौन

१९७४ साली डेव्ह नटिंगच्या चमूने बॅलीचं ‘फ्लिकर’ हे रिलेवालं यंत्र घेतलं, आतली सगळी रिलेंची फौज काढली आणि तिच्या जागी इंटेलची ४००४ ही चिप बसवून तोच खेळ चालवून दाखवला. १९७७ पर्यंत बॅली आणि विल्यम्स या दोन्ही कंपन्या चिपवर आल्या होत्या. त्याच वर्षीचं बॅलीचं ‘एट बॉल’ २०,२३० नग खपलं. तो विक्रम मोडायला १९९२ चं ‘ॲडम्स फॅमिली’ यावं लागलं, तेही फक्त ४० नगांनी पुढे गेलं.

खेळणाऱ्याला फरक फारसा जाणवला नाही. जाणवला तो मेकॅनिकला. झाकण उघडलं तर आत फिरणारं काही नाही, आवाज नाही. एक हिरवा बोर्ड, त्यावर मोटोरोलाचा ६८०० प्रोसेसर आणि आजूबाजूला काळ्या चिपा.

अडचण नवेपणाची नव्हती, रचनेची होती. प्रोसेसरला पुढे काय करायचं हे रॉममधून वाचावं लागतं. रॉमला कुठलं पान उघडायचं हे प्रोसेसर सांगतो. केलेलं काम लक्षात ठेवायला रॅम लागते. हे सगळे त्याच आठ डेटा वायरींवर आणि त्याच सोळा ॲड्रेस वायरींवर बोलतात. यातला कुणीही एक बिघडला तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच, बोर्ड गप्प. रिलेच्या यंत्रात एक काँटॅक्ट जळला तर एक दिवा लागायचा नाही, बाकीचा खेळ चालू राहायचा. इथे एक पाय गंजला की सगळंच ठप्प.

कारखान्यांनाही हे माहीत होतं. बॅलीच्या बोर्डावर एक छोटा एलईडी आहे. पॉवर दिली की तो आधी क्षणभर लुकलुकतो आणि मग एकेक तपासणी पास झाली की एकेकदा चमकतो. पहिली चमक रॉमची. दुसरी ६८१० या रॅमची, जिच्यात फक्त १२८ बाइट मावतात. तिसरी ५१०१ या रॅमची. बॅटरीवर जगणाऱ्या या चिपमध्ये सर्वाधिक गुणांची नोंद राहते. चौथी आणि पाचवी बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या दोन चिपांची. सहावी डिस्प्लेच्या टायमरची. सातवी चमक मिळते ती कॉइलचा ४३ व्होल्टचा पुरवठा हजर असला तरच. सात चमका झाल्या की यंत्र खेळायला तयार.

कल्पना छान आहे, पण तिला मर्यादा आहे. आजाऱ्यालाच स्वतःची नाडी बघायला सांगण्यासारखं आहे ते. एलईडी चमकवणारा प्रोग्राम रॉममध्ये आहे आणि चालवणारा प्रोसेसर आहे. तेच दोघे पडले असतील तर एलईडी नुसता जळत राहतो. आणि सगळ्यात जास्त बोर्ड मरतात ते नेमके याच अवस्थेत. कारण बोर्डावरच सोल्डर केलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. वर्षानुवर्षं ती पाझरते, तिचा क्षार बोर्डावर पसरतो आणि जवळच असलेला, प्रोसेसरला जागं करणारा रिसेटचा भाग खाऊन टाकतो.

महाग साधनं आणि हाताने केलेली साधनं

मोठ्या प्रयोगशाळांकडे यावर उत्तरं होती. ह्युलेट-पॅकार्डच्या गॅरी गॉर्डनने १९६८ मध्ये लॉजिक प्रोब काढला. १९७७ मध्ये त्याच कंपनीचा ५००४ए हा सिग्नेचर ॲनालायझर आला. पुढे फ्लूक कंपनीने ९०१०ए काढला. बोर्डावरचा प्रोसेसर उपटायचा आणि त्या जागी याची केबल खुपसायची, मग हे यंत्र बाहेरून सगळा बोर्ड तपासतं. पण बारच्या कोपऱ्यातली दहा-वीस यंत्रं सांभाळणाऱ्या मेकॅनिकला असलं काही परवडणारं नव्हतं. पुढे छंद म्हणून जुनी यंत्रं जमवणाऱ्यांनाही ते शक्य नव्हतं. मग त्यांनी आपापल्या टेबलावर साधनं बनवली. त्यातली चार सांगतो, कारण प्रत्येकामागे एक स्वच्छ विचार आहे.

पहिलं साधन, फ्यूजच्या जागी बल्ब. शॉर्ट असलेल्या यंत्रात फ्यूज घातला की उडतो आणि काहीच शिकवत नाही. त्या जागी योग्य व्होल्टेजचा बल्ब लावला तर शॉर्ट असताना तो पूर्ण तेजाने पेटतो आणि करंट अडवून धरतो. मग एकेक कनेक्टर काढत जायचं. ज्या कनेक्टरला बल्ब मंदावला, शॉर्ट त्याच्या पलीकडे. दिल्लीच्या लजपतराय मार्केटपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत आपले टीव्ही मेकॅनिक जो सिरीज बोर्ड वापरतात, तो याचाच सख्खा भाऊ. तीच युक्ती कॉइलसाठी. कॉइलचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती जळते. म्हणून टेबलावर तपासताना कॉइलऐवजी रेझिस्टर लावलेले एलईडी रांगेने जोडायचे. काय होतंय ते दिसतं आणि जळत काही नाही.

दुसरं साधन, घरगुती प्रोब. टीटीएल चिपांच्या जगात ०.८ व्होल्टच्या खाली म्हणजे शून्य, २ व्होल्टच्या वर म्हणजे एक, मधलं सगळं संशयास्पद. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. सेकंदाला लाख वेळा वरखाली होणारी लाइन त्यावर मधलाच काहीतरी आकडा दाखवते आणि आपण फसतो. दोन-तीन ट्रान्झिस्टर, लाल आणि हिरवा एलईडी आणि क्षणभराचा पल्स डोळ्यांना दिसेल इतका लांबवणारा एक टायमर, एवढ्यावर प्रोब तयार होतो. बॉलपेनच्या नळीत बसवलेले मी पाहिलेत.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. ६८०० प्रोसेसरला ‘काहीच करू नकोस, पुढे चल’ अशी एक आज्ञा आहे. तिचा कोड ०१. म्हणजे आठ डेटा पायांपैकी एक पाच व्होल्टला आणि उरलेले सात ग्राउंडला. मेकॅनिक एक जादा सॉकेट घेतात, त्याचे डेटा पाय बोर्डापासून तोडतात आणि ०१ असे कायमचे जोडून टाकतात. प्रोसेसर त्या सॉकेटमध्ये बसवून सॉकेट बोर्डावर लावायचं. आता प्रोसेसर कुठलंही पान उघडो, त्याला एकच हुकूम मिळतो, पुढे चल. रॉम नको, रॅम नको. तो पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत जातो आणि परत सुरू करतो.

परेड ग्राउंडवर ‘गिनती कर’ म्हटल्यावर जसे जवान ओळीने आकडा देतात, तशा सोळा ॲड्रेस लाइन आकडा देऊ लागतात. प्रत्येक लाइनचा वेग आधीच्या लाइनच्या निम्मा. क्लॉक साधारण ५०० किलोहर्ट्झ धरला तर सगळ्यात वरची लाइन सेकंदाला सुमारे चार वेळा लुकलुकते, ती साध्या एलईडीवर नुसत्या डोळ्यांनी मोजता येते. एखादी लाइन गप्प असेल तर ती कुठेतरी तुटलीय किंवा ग्राउंडला चिकटलीय. दोन लाइन एकाच तालात असतील तर त्या एकमेकींना शॉर्ट आहेत. शिवाय वर्तुळ तुटतं. प्रोसेसर, क्लॉक आणि रिसेट एवढेच जण उरतात आणि त्यांचा निकाल आधी लागतो.

चौथं साधन टेस्ट रॉम. कारखान्याचा रॉम काढून आपला रॉम लावायचा. त्यातला प्रोग्राम मुद्दाम रॅम न वापरता लिहिलेला असतो, म्हणजे रॅम मेलेली असली तरी तो चालतो. तो फक्त बाहेर जाणाऱ्या सगळ्या लाइन आळीपाळीने चालू-बंद करत राहतो. मेकॅनिक प्रोब घेऊन एकेक पाय तपासत जातो. जिथे हालचाल थांबते तिथे बिघाड.

चारही साधनांत सूत्र एकच. ज्याच्यावर शंका आहे त्याच्यावर विसंबून न राहता प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न असा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच यावं.

उलसूरचं ‘एट बॉल’

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर मी विसरलो असतो. बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये उलसूर तलावाच्या बाजूला मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या दिवाणखान्यात बॅलीचं ‘एट बॉल’ उभं होतं, कित्येक वर्षं बंद. मी ईएमईचा माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “सुभेदारसाहेब, बघणार का एकदा?”

बोर्ड काढून आणला. बॅटरीखालचा कोपरा हिरवा-पांढरा झालेला. बॅटरी कापून काढली, व्हिनेगर आणि पाण्याने क्षार मारला, धुऊन कोरडा केला. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून ५ आणि १२ व्होल्ट दिले. एलईडी लागला तो लागलेलाच. प्रोब प्रोसेसरच्या ४० नंबरच्या पायावर ठेवला, तिथे रिसेट येतो. पॉवर आली की तो क्षणभर खाली राहून वर जायला हवा. तो वर जातच नव्हता. रिसेटच्या भागात एक ट्रॅक वरून अखंड दिसत होता आणि हिरव्या रंगाखाली कुजला होता. त्याला बारीक वायरचा पूल दिला. एलईडी लुकलुकला, एकदा चमकला आणि थांबला.

म्हणजे रॉम पास आणि ६८१० रॅम नापास. चिप बदला, असं बोर्ड स्वतःच म्हणत होता. पण ती चिप एसपी रोडला दहा दुकानं फिरूनही मिळाली नव्हती, आणि बाहेरून मागवायची म्हणजे महिना. म्हणून चिपवर ठपका ठेवण्याआधी गिनतीचं सॉकेट बनवलं. प्रोसेसरपाशी सोळाच्या सोळा लाइन शिस्तीत आकडा देत होत्या. मग रॅमच्या सॉकेटवर एकेक पाय तपासला. चिपला ‘आता तुझी पाळी’ असं सांगणारी एक लाइन तिथे पोचतच नव्हती. सॉकेटचा पाय आतून गंजला होता. चिप निर्दोष होती, बिचारीला कुणी हाकच मारत नव्हतं. सॉकेट बदललं. तीच जुनी चिप लावली आणि टेबलावर सहा चमका मोजल्या.

सातवी टेबलावर येणार नव्हती. तिला ४३ व्होल्टचा पुरवठा हवा, तो पेटीतच. तिथे बोर्ड मेन्सच्या लयीवर चालतो. अमेरिकेत ६० हर्ट्झवर सेकंदाला १२० ठोके, आपल्याकडे ५० हर्ट्झवर १००. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर जोडलाय याची खात्री करून, फ्यूजच्या जागी बल्ब लावून पॉवर दिली. बल्ब मंद राहिला. मग खरा फ्यूज घातला. सातवी चमक आली, डिस्प्लेवर आकडे उमटले. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, कसला आवाज झाला म्हणून. फ्लिपरचा होता.

कारखाने गेले, यंत्रं राहिली

मूळ गॉटलिब कंपनी १९८४ मध्ये बंद झाली, तिची वारस प्रीमियर १९९६ मध्ये. बॅलीचा पिनबॉल विभाग १९८८ मध्ये विल्यम्सने घेतला आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम्सनेही पिनबॉल सोडून दिला. जुन्या नावांपैकी कारखाना चालू राहिला तो एकट्या स्टर्नचा. सुटे भाग, सर्व्हिसचा माणूस, कारखान्याचे टेस्टर, सगळं संपलं. कागदावरच्या हिशेबाने १९७७ चे बोर्ड कधीच भंगारात जायला हवे होते. तरी आज अर्ध्या शतकानंतर ते चालतायत. कारण दुरुस्ती करणाऱ्यांनी साधनं बनवली, आणि त्याहून मोठं काम म्हणजे त्यांची सर्किटं काढून दुसऱ्यांना दिली. कुणाच्या तरी तळघरातलं गिनतीचं सॉकेट हजार टेबलांवर पोचलं.

आता आपल्याकडे पाहू. १५ ऑक्टोबर १९४३ ला आपली कोअर उभी राहिली ती महायुद्धाच्या गरजेतून, आणि पहिल्या दिवसापासून तिचं काम दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं चालू ठेवण्याचं. सुटे भाग वेळेवर येतील याची खात्री कधीच नव्हती. म्हणून प्रत्येक वर्कशॉपमध्ये एखादा हवालदार असायचा, ज्याच्या ड्रॉवरमध्ये त्याने स्वतः केलेला जिग असायचा. पत्र्याचा डबा, वर चार स्विच, सहा दिवे. दोन दिवसांचं काम तो डबा वीस मिनिटांत करायचा.

आणि मग त्याची पोस्टिंग यायची. एका वर्कशॉपमध्ये मी बदलून गेलो तेव्हा कपाटात असे सात डबे होते. कुणालाही माहीत नव्हतं कुठला कशाचा. नावं नाहीत, सर्किट नाही, स्विचवर चिठ्ठी नाही. पुढच्या तपासणीआधी ते भंगारात गेले. शिकागोच्या यंत्रांना मिळालं ते आपल्या डब्यांना मिळालं नाही. साधन होतं, कसब होतं, ते पुढे देणारा कागद नव्हता.

आज उपकरणं अशी येतात की बिघडलं तर अख्खा बोर्ड बदला. पहाडावर, थंडीत, काही तासांत काम व्हायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण बदललेला बोर्ड कुठेतरी कुणीतरी उघडायला हवा, नाहीतर पुरवठादाराने हात वर केले त्या दिवशी आपणही गप्प आणि बोर्डही गप्प. आणि तो उघडू शकणारा माणूस आज बऱ्याचदा एटीएमच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्या सर्व्हिस बुकात ट्रेड लिहिलेला असतो. ड्रॉवरमधला डबा कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून वर्कशॉपमधल्या जुन्या सोबत्यांना एक विनंती. गोपनीय उपकरणांचं सोडा, ते जिथे आहे तिथेच राहू दे. पण तुम्ही केलेला प्रोब, सिरीज बोर्ड, बॅटरी चार्जर तपासायचा डबा, पंखा-मोटर तपासायची युक्ती, यांचं सर्किट एका वहीत काढा. कुठला स्विच कशाचा ते लिहा, आणि तो प्रश्न का सुचला तेही दोन ओळींत लिहा. गावातल्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एखाद्या पोराला बोलावून तेच साधन त्याच्या हाताने बनवून घ्या. तुमचं तयार साधन त्याला देऊ नका. सामान फार लागत नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत एका फेरीत सगळं मिळतं.

मी माझी वही सुरू केलीय. पहिल्या पानावर ६८०० चं सॉकेट आहे, आठ डेटा पाय, एक पाच व्होल्टला, सात ग्राउंडला.